वीस-पन्नास की पाच-तीस

आमच्या घरात निर्णय मी घेते. फुशारकी म्हणून सांगत नाही, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या जिन्यात कुणालाही विचारा. कूलर कधी काढायचा, बाबांचा चष्मा कुठून करायचा, भाजी किती आणायची, सगळं मीच ठरवते. सरकारी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर मत द्यायची सवय लागलेली, ती घरी येऊन कुठे सुटणार?

त्यामुळे बाबांच्या पिकअपमध्ये कुठलं इंजिन ऑइल घालायचं, हेही मीच ठरवलं होतं. आणि तिथेच माती खाल्ली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे सकाळ-संध्याकाळ बागेत फिरतील. त्यांनी सीएनजीवर चालणारी एक जुनी पिकअप घेतली. नोकरीत त्यांनी सात सरकारी क्वार्टर्स बदलली होती आणि दर वेळी सामान वाहणाऱ्यांनी काहीतरी फोडलं होतं. आईच्या देवघराची काच फुटली तेव्हा ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. ते बाबांच्या मनात राहिलं असावं. आर. के. पुरमपासून आमच्यापर्यंत कुणाची बदली झाली, कुणाला मोठं क्वार्टर मिळालं, की बाबा सामान हलवून द्यायचे. उचलायला दोन माणसं असायची, पण काचेचं सगळं बाबा स्वतः गुंडाळायचे, आमच्या जुन्या चादरींमध्ये. आई गेल्यावर तर ही गाडीच त्यांचा दिवस झाली.

त्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. रोज सकाळी बाबा सीट उचलायचे, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे, परत बुडवायचे आणि खुणेपर्यंत ओली झाली का बघायचे. इंजिन म्हातारं, ऑइल प्यायचं. म्हणून बाबा त्यात जाड ऑइल घालायचे, वीस-पन्नास नंबरचं, आणि वरचेवर भर टाकायचे.

मला ते वाकणं बघवेना. मी इंटरनेटवर वाचलं, चार व्हिडिओ बघितले आणि पाच-तीस नंबरचं पातळ, भारीतलं सिंथेटिक ऑइल घेऊन आले.

"हे एकदा घातलं की दहा हजार किलोमीटर बघायचं नाही," मी म्हटलं. "रोज काय ती सीट उचलत बसता? कंबर धरते तुमची."

"बिल्कुल नाही बघायचं?"

"बिल्कुल नाही. मी सांगते ना."

झिजलेल्या इंजिनाला ते ऑइल झेपलं नाही. थोडं जळलं, थोडं गळलं, आणि एका सकाळी रिंग रोडवर, कुणाचं तरी कपाट आणि फ्रिज पाठीवर घेऊन, गाडी बंद पडली. इंजिन जाम. मिस्त्रीने पट्टी काढून दाखवली. कोरडी ठणठणीत.

"अंकलजी, तेल देखते नहीं थे क्या?"

"देखना रह गया," बाबा म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच उभी होते, मीही घेतलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

मग बाबा घरी बसले. एकच पेपर सकाळी आणि दुपारी वाचायचे. सामान हलवायला कुणाचा फोन आला की "आता नाही जमणार" म्हणायचे. मी "चहा?" म्हटलं तर "चालेल" आणि "नको?" म्हटलं तरी "चालेल". मला भीती वाटायला लागली. गाडी भंगारात गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून दुसरं इंजिन बसवायचं, असं मी ठरवलं. मायापुरीच्या भंगार बाजारात जाऊन त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचं, अपघातात सापडलेलं, फारसं न चाललेलं इंजिन मिस्त्रीच्या मदतीने शोधलं. गाडीच्या आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवायची कागदपत्रं मी केली. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "हे शेवटचं. हेही गेलं तर मला पुन्हा विचारायचं नाही."

इंजिन बसलं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "तेल कौन सा डालूँ? वही बीस-पचास?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "इससे पूछो."

एरवी मी प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं असतं. पाच-तीसने एक इंजिन खाल्लं होतं. बाबांच्या गाडीखर्चाच्या वहीत वर्षानुवर्षं वीस-पन्नास लिहिलेलं. गाडीचं पुस्तक होतं, पण ते जुन्या इंजिनाचं. शेवटी मी मोबाइलचा टॉर्च लावून वाकले, नव्या इंजिनाच्या ऑइलच्या झाकणावरचा चिकट थर नखाने खरवडला. खाली ठसठशीत अक्षरांत होतं, पाच-तीस.

तेच. म्हाताऱ्या इंजिनाला न झेपलेलं ऑइल या घट्ट, जवळजवळ कोऱ्या इंजिनाला बरोबर लागू होतं.

"पाँच-तीस डालिए," मी म्हटलं.

"मैडम, उसी से तो पहलेवाला गया."

"तेल से नहीं गया. देखना मैंने बंद करवाया था." बोलून टाकलं एकदाचं. मिस्त्री डबा आणायला आत गेला.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी बंद पडली त्या दिवशी सकाळी मी पट्टी बघितली होती. खुणेच्या बरीच खाली होती."

"मग ऑइल का नाही घातलंत?"

"तू म्हणाली होतीस ना, बघायचं नाही. म्हटलं, हिला माहीत असेल."

आयुष्यभर मला हेच हवं होतं, की माझं म्हणणं घरात कुणी खोडू नये.

"यापुढे मी काहीही म्हटलं तरी तुम्ही बघायचं," मी म्हटलं.

"आणि तू रागावलीस तर?"

"रागावेन. तरी बघायचं."

गाडी पुन्हा चालू झाली, त्याला आता वर्ष होत आलं. आमच्या दारात चादरींचा ढीग परत आलाय. ऑफिसला जाण्याआधी मी खाली उतरते, सीट उचलते, पट्टी काढते, पुसते, बुडवते आणि उजेडात धरते.

"बरोबर आहे," मी सांगते.

बाबा माझ्या हातातून फडकं घेतात आणि स्वतः बघतात.