वाऱ्याचा डायनामो आणि उन्हाचं वरण

विकत आणलेल्या वस्तूचे किस्से होत नाहीत. ती दुकानातून येते, चालते, बिघडते आणि भंगारात जाते. पण एखादी वस्तू तुम्ही घरी करायला घेतली की संपलं. ती चालो न चालो, आयुष्यभर सांगायला गोष्टी साठतात. आमची पवनचक्की पाच-सहा वर्षं टिकली. त्यातले निम्मे दिवस ती खाली उतरवलेली असायची, म्हणून तर माझ्याकडे एवढा साठा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जऊळक्याच्या अलीकडे रेल्वे लाइनला लागून एक खेडं आहे. तिथल्या शाळेत मी सायन्स शिकवायचो. गावात वीज नव्हती. सुखदेव वानखडे जऊळका स्टेशनावर सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, होता. बॅटरी, वायर, बल्ब हे त्याच्या रोजच्या हाताखालचं. तिसरे कांतीलाल, गावातले एकुलते एक किराणा दुकानदार, जैन, आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या गोदामात मोडक्या जीपचा एक डायनामो पडला होता. सुखदेवनं तो मागितला. कांतीलाल म्हणाले, "घेऊन जाय. पण काय करून राह्यला ते पाह्यले मी येईन."

ते आले ते कायमचेच.

पहिला पंखा आम्ही पत्र्याचा ड्रम उभा कापून केला. बौद्ध वस्तीत सुखदेवच्या घरामागे खांब रोवला आणि तो वर चढवला. वारा आला, ड्रम फिरला. कांतीलाल फेऱ्या मोजू लागले, "एक... दोन... तीन..."

सुखदेव म्हणाला, "उतरवा खाली. ज्याच्या फेऱ्या मोजता येते, त्याच्यावर लाइट लागत नाई."

* * *

मग सागवानाच्या फळीतून दोन पात्यांचा पंखा तासला. त्याला गिरणीचा जुना पट्टा लावून डायनामो जोडला. तो मात्र असा फिरला की पाती दिसेनाशी झाली आणि जीपचा बल्ब लागला.

पण वारा दुपारचा. भर उन्हात बल्ब लागलेला कोणाला दिसणार? जमलेले लोक डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "कुठी लागला?" शेवटी सुखदेवनं खाटेवर घोंगडी टाकून अंधारी केली, बल्ब आत ठेवला. एकेकानं वाकायचं, घोंगडीत डोकं घालायचं, बल्ब बघायचा आणि बाहेर यायचं. रांग लागली. वस्तीतली माणसं, गावातली माणसं, शाळा सुटल्यावर पोरं.

रांगेत एक म्हातारी होती. तिनं घोंगडीत डोकं घातलं, बराच वेळ तशीच राहिली. बाहेर येऊन पदर सारखा केला आणि सुखदेवला विचारलं,

"आतबी उजेड हाये, बाहेरबी उजेड हाये. मंग मदात घोंगडी कायले टाकली?"

* * *

कांतीलालच्या आईंनी पंखा पाहिला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा त्यांचा नेम होताच, पण त्या दिवशी दुपारीही ताट परत पाठवलं. का, तर त्या पंख्यात पाखरं सापडून मरतील, आणि डायनामो आपल्या घरचा.

कांतीलाल घाबरे होऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "माय आइकून नाई राह्यली. पंखा बंद करा."

सुखदेव स्वतः त्यांच्याकडे जाऊन म्हणाला, "माय, तुमी येऊन बसा. एक जरी पाखरू लागलं तं मी कुऱ्हाडीनं खांब तोडतो."

त्या खरंच आल्या. वस्तीतल्या कडुनिंबाखाली जपमाळ घेऊन दोन दुपारी बसल्या. मैना आल्या, कावळे आले, बगळे गेले. पंख्याजवळ कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी परवानगी दिली, फक्त एक अट घातली. पाखरांना लांबून दिसावं म्हणून पात्याला लाल चिंधी बांधायची.

सुखदेवनं एका पात्याला बांधली. एका बाजूला वजन आलं. पंखा हादरायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक पातं सुटून निघालं ते दोन घरांवरून जाऊन कांतीलालच्या गोदामाचे कवेलू फोडत आत पडलं.

आम्ही धावत गेलो. आई दारातच उभ्या होत्या. वर भोकातून आभाळ दिसत होतं.

"पाखरू तं नाई लागलं न?" त्यांनी विचारलं.

"नाई, माय."

"मंग चालू द्या."

* * *

वारा सुखदेवचा होता, ऊन माझ्याकडे. मी घरी सूर्याची चूल केली. लाकडी पेटी, आत काळा रंगवलेला पत्रा, चारी बाजूंनी सरकी काढलेला कापूस ठासलेला, वर दोन काचा. सकाळी डाळ ठेवली की मधल्या सुट्टीपर्यंत वरण. ऊन कमी पडायचं म्हणून न्हाव्याचा जुना आरसा आणला आणि पेटीमागे उभा केला.

चौथ्या दिवशी सुखदेव ड्यूटीवरून आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या घरून कोणी आरसा दाखवून राह्यलं काय? सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर विचारत होता. त्याच्या डोयावर चमक येते. त्याले वाटलं, कोणी गाडी थांबवून राह्यलं."

आमचं घर लाइनीपासून शंभर पावलांवर. मी घाबरलो. पण माझी बायको शालिनी शांत होती. तिनं ठरवून टाकलं, गाडीच्या वेळेला आरसा पालथा घालायचा, गाडी गेली की उभा करायचा. ड्रायव्हरलाही निरोप गेला. तो वळणावरच लांब शिट्टी द्यायला लागला. शिट्टी झाली की ही हातातलं टाकून आरशाकडे, पालथा आहे ना बघायला. तिनं त्या ड्रायव्हरला कधी पाहिलं नाही, पण वर्षभर दोघांचं जमलं होतं.

गाडी वेळेवर असेल तर शिट्टीआधी आरसा पालथा. नसेल तरी ही वेळेवर पालथाच घालायची. उगाच जोखीम नको म्हणून गाडी येऊन जाईपर्यंत उभा करायची नाही.

एकदा जेवायला बसलो तर डाळ टणक.

"आज वरण कच्चं कसं?" मी विचारलं.

ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "गाडी दोन तास लेट आहे."

* * *

हा किस्सा मी हसत सांगत नाही.

वैशाखात एका दुपारी वादळ उठलं. पंखा बेफाम फिरायला लागला, खांब डोलायला लागला. थांबवायची सोय आम्ही केलीच नव्हती. सुखदेव वर चढला आणि पट्टा ओढायला गेला. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पट्टा आणि चाक यांच्यात सापडलं. वरचं पेर गेलं.

तो स्वतःच खाली उतरला. मी त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला, सायकलवर बसवून जऊळक्याला नेलं आणि तिथून वाशीमच्या दवाखान्यात. रस्ताभर तो एकच म्हणत होता, "मायले सांगू नका, मास्तर." न सांगून काय होणार होतं?

त्याची आई, मथुराबाई, विधवा बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या खळ्यावर धान्य उपणलेलं. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यात काही चूक वाटली नाही. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, खांबाखाली उभं केलं आणि विचारलं,

"मास्तर, खळ्यावर उपणतानी वारा जोराचा आला तं आमी सूप वाऱ्याच्या तोंडात धरत नाई. आडवं करतो. तुमी ह्याले तोंडासमोर काहून उभं ठेवलं?"

मी वर बघितलं. पंख्याच्या मागे पत्र्याची शेपटी होती, पंख्याला वाऱ्याकडे वळवणारी. तिला बिजागरी लावून खालून दोरी बांधली तर ओढल्याबरोबर पंखा आडवा होईल. चार दिवसांत आम्ही तसं केलं. दोरी मथुराबाईंच्या दाराशी बांधली. पुढे ती त्याच ओढायच्या, सुखदेवनं वर चढायचं नाही.

काम झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे तुमच्या पुस्तकात नव्हतं काय?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी सुखदेवच्या बोटाकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

* * *

पुढे गावात विजेचे खांब आले. आधी चावडीपाशी, मग मोठ्या गल्लीत. वस्तीपर्यंत अजून यायचे होते. तोवर आम्ही पंख्याला बॅटरी जोडली होती; दिवसा भरायची, रात्री बल्ब लावायची. वायरमन नवा होता. संध्याकाळी वस्तीकडून जाताना त्याला सुखदेवच्या घरात बल्ब दिसला. तो सरळ आत.

"कनेक्शन नाई अन् लाइट कसा?"

सुखदेव जेवत होता. म्हणाला, "वायर बाहीर गेली हाये. पाहून घ्या."

वायरमननं वायर हातात धरली आणि तिच्या मागे मागे निघाला. बॅटरीपर्यंत आला. तिथून भिंतीबाहेर, तिथून खांबावर. आधी खांब वाकून बघितला, मग मान वर करत करत शेंड्यापर्यंत गेला.

"आकडा कुठी टाकला बे?"

"वाऱ्यावर," सुखदेव आतून म्हणाला.

* * *

बॅटरीत साधं पाणी चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर वाशीमहून आणावं लागायचं. म्हणून मी सुखदेवच्या अंगणात आणखी एक पेटी करून दिली. तळ काळा, वर तिरपी काच. आत पाणी ओतायचं. उन्हानं त्याची वाफ होऊन काचेला आतून चिकटायची, थेंब घरंगळत बाजूच्या नळीतून बाटलीत जायचे. दिवसाला एक बाटली. पेटीत पाणी घालायचं काम मथुराबाईंचं.

गावात आबासाहेब देशमुख होते. सत्तरीचे, मोठी शेती. सुखदेवच्या लोकांनी धम्म स्वीकारून पंधरा-वीस वर्षं झाली होती, पण आबासाहेबांच्या लेखी काही बदललं नव्हतं. वस्तीतल्या माणसाचं काम पडलं की ते निरोप पाठवायचे. वस्तीत ते स्वतः कधी आले नव्हते, तिथल्या पाण्याची तर बातच नको.

त्यांना शेतातल्या घरावर पंखा बसवून हवा होता. तिकडे लाइन जाणार नव्हती. दोनदा निरोप आला. सुखदेवनं दोनदा सांगून पाठवलं, "ड्यूटी हाये." तिसऱ्यांदा ते छत्री घेऊन स्वतः आले. चैत्राची भर दुपार. मी तिथेच होतो.

उभ्या उभ्या त्यांनी खांब बघितला, दोन प्रश्न विचारले. तिसरा विचारता विचारता त्यांनी खांबाला हात लावला आणि तसेच धरून राहिले. चेहरा पांढरा पडला होता. सुखदेवनं खाट आणली. ते बसले.

मथुराबाई रांजणातून तांब्या भरून आल्या. आबासाहेबांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले. त्या क्षणभर थांबल्या, परत गेल्या आणि पेटीखालची बाटली अन् पेला घेऊन आल्या.

"हे घ्या. हे उनानं केलेलं पाणी हाये. खालून वर गेलं, काचेवर बसलं अन् बाटलीत आलं. आमचा कोणाचा हात नाई लागला."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाये काय, मास्तर?"

पेटीत सकाळी वस्तीच्या विहिरीचं पाणी कोणी ओतलं ते मला माहीत होतं. "पाणी शुद्ध आहे," मी म्हणालो.

त्यांनी पेला घेतला. दोन घोट प्यायले, थांबले, पेल्यात बघितलं.

"याले तं काही चवच नाई."

त्यांनी उरलेलं पाणी सावकाश जमिनीवर ओतलं आणि रिकामा पेला मथुराबाईंपुढे धरला.

"रांजणातलं दे."

मथुराबाईंनी पेला घेतला नाही. "ते आमच्या हातचं हाये," त्या म्हणाल्या.

"मालूम हाये," आबासाहेब म्हणाले. "तहान लागली हाये."