भिवाभाऊंचा रिमोट

जुनी चिरेखाण आली तेव्हा आम्हाला सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, शोधत फिरायला लागून पाऊण तास झाला होता. वाळलेलं गवत साडीला चिकटत होतं, पायाखालचा कातळ तापला होता. भिवाभाऊ माझ्या चार पावलं पुढे, गळ्यात पट्ट्याने रिमोट अडकवलेला, नाकासमोर बघत चाललेले. त्यांचं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर याच बाजूला कुठेतरी पडलं होतं. खाण डाव्या हाताला होती, आणि भाऊ चालता चालता डावीकडेच सरकत होते. अजून दोन पावलं टाकली असती तर वीस फूट खाली गेले असते. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"अहो, खाण!"

त्यांनी मान वळवून खाली बघितलं. मग म्हणाले, "लहानपणी गुरं राखलीत मी हितं. मला काय खाण दाखवताव बाई?"

मी बाही सोडली, पण मनाला काही स्वस्थता मिळेना.

भिवा तांबे आमच्या हायस्कुलात तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथेच मराठी शिकवायचे. ते कपाटाकडे तोंड करून बरण्या पुसत असायचे आणि तसेच, मान न वळवता म्हणायचे, "खिशातली नळी ठेव खाली." ज्याच्या खिशात नळी तो पोरगा पांढराफटक. यांच्या कानशिलावर डोळे आहेत, असं पोरं म्हणायची.

आमच्या घरी रेडिओ बिघडो की पंखा, दुरुस्तीला तेच यायचे. सासूबाई होत्या तोवर त्यांनी भाऊंना पायरीवर बसवलं. त्यांचा चहाचा कपही वेगळा होता. मी नवी सून, बघत राहिले, बोलले नाही. आजही संध्याकाळी माजघरातल्या देवघरात दिवा लावताना कधीतरी ते आठवतं आणि हात थांबतो. सासूबाई गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आत या." तेव्हापासून ते ओटीवर येतात, आमच्याच कपबशीतून चहा घेतात. पण माजघराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लेकीने, दर्शनाने, मुंबईहून विचारलं, बाबा, तुम्हाला काय पाठवू? भाऊ म्हणाले, हेलिकॉप्टर. कुणीतरी वापरलेलं, चार फूट लांब पात्यांचं आलं. पडलं, मोडलं, यांनी जोडलं. त्याचे खालचे पाय तर छत्रीच्या काड्यांचे आहेत. रोज सकाळी खारा वारा सुटायच्या आत सड्यावर जायचं आणि ते उडवायचं. प्रभावतीवहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझ्या घरात सवत हाय. आणि ती उडते."

यंदा अशा हेलिकॉप्टरांची शनिवार-रविवारची स्पर्धा आमच्याच सड्यावर भरली. पुण्याची, कोल्हापूरची, गोव्याची पोरं गाड्या भरून आली. जमिनीवर फक्कीने वर्तुळ काढलेलं. त्याच्यावर हेलिकॉप्टर अधांतरी ठेवायचं, मग हवेत आठाचा आकडा काढायचा आणि परत वर्तुळात उतरवायचं. माझं अक्षर बरं म्हणून गुण लिहायला मला बसवलं होतं. सकाळच्या फेरीत वारा नव्हता. भाऊंचं हेलिकॉप्टर समोर टांगल्यासारखं राहिलं आणि ते पहिले आले. पोरं "काका, काका" करत त्यांच्याभोवती जमली. मी मनात हात जोडले.

दुपारी वारा सुटला. हेलिकॉप्टर डावीकडे ढकललं गेलं, आणि मी बघते तर भाऊ समोरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत होते. मैदानाची दोरी ओलांडून हेलिकॉप्टर मालनच्या चहाच्या टपरीवरून गेलं आणि करवंदीच्या जाळ्यांपलीकडे दिसेनासं झालं. मालन पातेल्यावर वाकली होती म्हणून वाचली. लगेच कमरेवर हात ठेवून ओरडली, "भिव्या, माझं टक्कल करायचं होतं तर न्हाव्याला सांगायचं होतंस!"

सगळे हसले. भाऊसुद्धा हसले. "सिग्नल गेला," ते म्हणाले. मी शेऱ्यात तेच लिहिलं. स्पर्धा भरवणारे म्हणाले, काका, शोधून आणा, दुरुस्त करा, उद्याची पहिली फेरी तुमची.

म्हणून आम्ही चाललो होतो. त्यांना एकट्याने जायचं होतं. मीच मागे लागले.

खाणीपुढे शंभरेक पावलांवर मला ते दिसलं. लाल-पिवळं, करवंदीच्या जाळीवर आडवं पडलेलं, भाऊंच्या डाव्या हाताला पाच हातांवर. भाऊ त्याच्या बाजूने निघून गेले. मी पुळ्याच्या गणपतीचं नाव घेतलं आणि हाक मारली नाही. दहा पावलं, वीस पावलं. ते चालतच होते.

"भाऊ," मी म्हटलं, "मागे या."

ते आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मी बघत होते तिकडे सगळी मान वळवली. जाळीवरचं हेलिकॉप्टर उचललं नाही. कातळावर बसले.

"सिग्नल गेला नव्हता ना?"

"सिग्नल शाबूत हाय."

"मग?"

"काचबिंदू. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर बोलले. बाजूचं गेलं. काळंबिळं काय नाय दिसत, तिथं काय हाय तेच कळत नाय. गेलेलं परत येत नाय म्हणाले, थेंब घालून उरलेलं राखायचं."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"तिला सांगितलंय, धुळीसाठी थेंब हायत."

एवढं बोलून ते उठलेच. हेलिकॉप्टर काढलं, उलटं केलं, बोटांनी चाचपायला लागले. "दोन्ही पाती मोडलीत. घरात हायत दुसरी. एक पाय वाकलाय. दोन तासांचं काम बाई, जास्त नाय. उद्या पहिली फेरी लवकर, वारा नसणार. समोरच्या समोर ठेवलं की…"

"आणि मालन?"

"मालन काय? मस्करी करते ती. शाळेत असल्यापासून तिचं तोंड तसंच."

तेव्हा मला कळलं की यांना काही दिसलंच नव्हतं.

"भाऊ, ती मस्करी नव्हती. तिच्या डोक्यावरून गेलं ते."

त्यांची बोटं थांबली. "किती वरून?"

मी त्यांच्या बाजूलाच उभी राहून हात वर करून अंतर दाखवलं. ते वाट बघत राहिले.

"जरा समोर धरा," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर जाऊन दोन्ही तळहात धरले. मध्ये हातभर अंतर. त्यांनी ते किती वेळ बघितलं कोण जाणे. मीच हात खाली घेतले.

परतताना ते एका जागी ठरत नव्हते. पुढे जात, थांबत, मला गाठू देत, परत पुढे. मैदानावर कुणाचं तरी हेलिकॉप्टर घुमत होतं आणि त्या आवाजावर यांचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर हलत होते.

"शेऱ्यात मी सिग्नल गेला असं लिहिलंय," मी म्हटलं. "ते मला खोडावं लागेल."

"खोडा. मी सांगतो त्यांना. आत्ताच जाऊन सांगतो. मालनलापण सांगतो, खाईन चार शिव्या." मग थांबून म्हणाले, "पण ते आजचं झालं. उद्या उजाडताना वारा पडलेला असंल. पाती मी रात्री बसवणारच, मला झोप नाय लागायची. आणि सकाळी वाटंल, एकदाच. एकदाच समोर धरून बघू."

मैदानाची दोरी दिसायला लागली तेव्हा त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि रिमोट माझ्या हातात दिला. वाटला होता त्याहून जड होता.

"हा घरी न्या."

"बरं. ओटीवरच्या कपाटात ठेवते."

"कपाटात नको. ओटीवर मी येतो, कपाटाला हात घालीन. तुमच्या देवघरात ठेवा, देवापुढं. उद्या मागायला आलो, काय पण बोललो, तरी देऊ नका. मी आत यायचा नाय, तुम्हाला ठाऊक हाय."