तेवीसच्या आधी थांबलेला दादा

वहिनीचा फोन आला, "अगं, हे गेले…" आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कोणाशी भांडत होता?" टँकरवाल्याशी. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या इमारतीत पाणी नव्हतं, टँकर भलत्याच गल्लीत वळला, दादा त्याच्या दाराला लटकला आणि ड्रायव्हरची कॉलर धरल्याधरल्याच छातीत कळ येऊन खाली कोसळला. महिना झाला. भेटायला येणारे 'देवमाणूस होता' म्हणतात. कसला देवमाणूस! मार खाल्लेली मी बसलेय ना इथे.

अप्पा लवकर गेले, त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दादाच कर्ता. केमिकल कंपनीतली पाळी संपवून आला की आकडे घेऊन बसायचा. एखाद्या संख्येला जे जे लहान आकडे पूर्ण भागतात त्यांची बेरीज पुन्हा तीच संख्या आली, की ती परिपूर्ण. अठ्ठावीस घ्या: एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज कमी पडली तर न्यून, जास्त झाली तर विपुल. मामा न्यून, आत्या विपुल, अशी नातेवाइकांचीही वाटणी त्याने केलेली. परिपूर्ण शोधायची रीत सोपी. एकापासून दुप्पट करत जायचं, सगळ्यांची बेरीज अविभाज्य आली की तिला शेवटच्या आकड्याने गुणायचं. एक, दोन, चार, बेरीज सात, सात चोक अठ्ठावीस. असं करत दादा १०२४ पर्यंत गेला. बेरीज २०४७, गुणाकार २०९६१२८. वाचनालयात त्याचं व्याख्यान ठरलेलं, तिथे हिला परिपूर्ण म्हणून उभी करणार होता. २०४७ ला एकोणीसपर्यंत भागून पाहिलं आणि स्वारी घाईत थांबली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "दादा, पुढे तेवीस. तेवीस गुणिले एकोणनव्वद. फुटली तुझी २०४७."

बसायचा पाट उचलून त्याने माझ्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आई मधे पडली तर तिलाही ढकलली, तवा भिरकावला… "कॉलेज बंद! गणित बंद! या मे महिन्यात लग्न लावून टाकतो तुझं!" हात ठणकत होता, पण मी रडत होते ती कॉलेजसाठी. मेला असता तर बरं, असंही वाटलं तेव्हा.

लोक विचारतील म्हणून आईने मला प्लास्टरसकट व्याख्यानाला नेलं. दादाने फळ्यावर २०९६१२८ लिहिलं. खडू ठेवला, पुन्हा उचलला… मग खाली २३ × ८९ लिहून म्हणाला, "ही परिपूर्ण नाही, विपुल आहे. माझ्या बहिणीने काढलं हे. आणि त्याबद्दल मी तिचा हात मोडला." मामा ओरडला, "अरे, घरातलं घरात ठेव!" दादाने डस्टर फेकून मारलं, मामाच्या कपाळातून रक्त आलं. असा त्याचा पश्चात्ताप! घरी येताना म्हणाला, "सोमवारपासून कॉलेजला जा."

"मी माफ केलेलं नाही तुला."

"नको करूस. एम.एस्सी. कर."

केलं. आता कल्याणच्या कॉलेजात शिकवते. दर वर्षी फळ्यावर २०४७ लिहिते, एकोणीसपर्यंत भागते आणि म्हणते, "झालं, अविभाज्य." कोणीतरी पोरगी उठतेच, "मॅडम, चुकलं तुमचं." भर वर्गात! मस्तकात सणक जाते, अगदी त्याच्यासारखी. तेवढा वेळ मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहते.