दाराकडची बाजू

देवाने डोकं टोपी घालण्यासाठीच दिलंय अशी आपल्या नवऱ्याची समजूत आहे, असं मिस्नाती चारचौघांत सांगायची.

तिला गादी कडक लागायची, नवऱ्याला, सुकिदीला, मऊ. लग्नातल्या लाल-काळ्या, सावरीचा कापूस ठासून भरलेल्या कडक गादीवर तो रोज कण्हायचा. शेवटी बन्युवांगी शहरातल्या एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात नवी गादी मारली: अर्धी कडक, अर्धी मऊ, खास नवराबायकोसाठी. घरी पलंगावर घातली, तर मऊ बाजू आली भिंतीकडे, म्हणजे मिस्नातीच्या वाट्याला. तिने एक रात्र कशीबशी काढली आणि जुनी गादी जमिनीवर अंथरली. वर सुकिदीचं कण्हणं चालूच.

महिन्याभराने गावाचा गाद्यांना ऊन दाखवायचा दिवस आला. दारोदार लाल-काळ्या गाद्या, आणि त्यांच्यात ही पांढरीफटक. शेजारची सारिनाह आजी वेत घेऊन झोडपायला आली आणि थबकली. अर्ध्या गादीवर घामाने पिवळा पडलेला अख्खा माणूस उमटला होता. उरलेली अर्धी कोरी करकरीत.

तिने दोन्हीकडे दाबून पाहिलं. "मेल्या, या दगडावर झोपतोस? मऊ तर इकडे आहे!"

"पण आजी, लग्नापासून दाराकडची बाजू माझी आहे ना."

"मग गादी फिरवून घालायची की रे!"

सुकिदी बायकोवर उखडला. "तुला नाही का गं सुचलं?"

"पहिल्याच रात्री सुचलं," मिस्नाती म्हणाली. "तुम्हाला कधी सुचतं ते बघत होते. आणि गादी फिरवायचं राहू द्या हो. महिनाभर मी खाली झोपतेय. नुसतं कुशीवर वळला असतात तरी पुरे होतं."