वेबसाइटच्या कोपऱ्यातली तीट

दिपाली जुळे सोलापुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून वेबसाइट बनवते. बोलते कमी. चहा अर्धा पिऊन विसरते. गाव सांगोल्याच्या पुढे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ती मात्र लहानपणापासून मावशीकडे, इथं सोलापुरात शिकली. पुढच्या घोळाचं मूळ यातच आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका संस्थेचं काम तिच्याकडे आलं. मेंढपाळांनी मोबाइलवरून कळपाचे फोटो टाकायचे आणि मेंढ्यांचा आकडा भरायचा. ती माहिती आपोआप संस्थेकडे जाणार आणि तेवढी आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी गावोगाव पोचणार. लस चुकली तर कोवळ्या गवतावर मेंढरं पटापट मरतात. दिपालीनं फॉर्म चोख केला. 'एकूण मेंढ्या' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

पंधरा दिवसांत चारशे जणांनी माहिती भरली. फोटोंत बहुतेक मेंढीचा एखादा कान किंवा बाभळीचं झाडच दिसायचं. आकडे कुणी निरखून पाहिले नाहीत. मीही नाही. आमच्या धंद्यात रकान्यात आकडा पडला की तो खराच, अशी आमची भाबडी श्रद्धा.

लसीची गाडी तिच्या गावाला निघाली तेव्हा दिपाली हौसेनं सोबत गेली. तिच्या वडिलांच्या, गुंडाआप्पांच्या नावावर चार डोस होते. आणि जाळीच्या कुंपणात मेंढरं मावत नव्हती.

"आप्पा, चारच का लिवलं?"

"मग काय लिवायचं? मेंढरं मोजून कोन सांगतं व्हय? दिष्ट लागती की. कुनी इचारलं तर म्हनावं, असत्याल दोन-चार. तुला ठावं न्हाय?"

ठाऊक होतं. विसरली होती. हे तिनं मला परत आल्यावर सांगितलं, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटत होती. सगळ्या गावानं 'दोन' नाहीतर 'चार' लिहिलं होतं. आप्पांनी चार गाभण मेंढ्या पुढे केल्या आणि बाकीच्या तशाच चरायला सोडल्या. लेकीला एका शब्दानं बोलले नाहीत.

संस्था दुसऱ्या फेरीला तयार झाली, पण खरा आकडा आठ दिवसांत हवा म्हणाली. दिपालीनं तो रकानाच काढून टाकला. आता सकाळी कळप बाहेर पडताना व्हिडिओ काढून टाकायचा. मोजणार मशीन, आणि आकडा वेबसाइटवर कुणालाच दिसणार नाही. शिवाय प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात तिनं एक काळा ठिपका ठेवला.

"हा कसला अडाणीपणा? इंजिनिअर ना तू?" मी चिडून म्हणालो. तिनं ठिपका आणखी थोडा ठळक केला.

दुपारी संस्थेच्या साहेबांचा फोन आला. स्क्रीनवर डाग दिसतोय म्हणाले.

"डाग नाही सर, तीट आहे. राहू द्या."

दोन दिवस एकही व्हिडिओ आला नाही. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी पहिला व्हिडिओ आला तो गुंडाआप्पांचा. धूळ, मेंढरांची बेंबें, मागून आप्पांची शीळ, कोपऱ्यात तीट. दिपालीनं तो तीनदा पाहिला. मग तिनं डोळे पुसले आणि उगाच चहाचा कप सरकवला. आप्पांनी टाकला म्हटल्यावर गावानं टाकला, आणि मग आसपासच्या वस्त्यांवरूनही यायला लागले.

पाऊस पडायच्या आधी गाडी बर्फातल्या लसीच्या पेट्या भरून निघाली. आप्पांच्या वाट्याला यावेळी एक अख्खी पेटी होती. मशीनचे आकडे तपासायला फक्त दिपालीच्या स्क्रीनवर येत. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"तुमची किती गं निघाली?"

तिनं स्क्रीनवर तळहात ठेवला.

"असतील दोन-चार," ती म्हणाली.