अख्ख्या गावाचा एक नंबर

फुर्बा शेर्पा माझा मित्र. खालच्या बाजारात केबलने आलेलं इंटरनेट त्याने डोंगराच्या धारेवर ताटलीसारखा अँटेना उभारून आमच्या गावात आणलं. मोबाइलला इथे रेंज नाही. त्यामुळे घराघरातले फोन फुर्बाच्या एका डब्यावरच, म्हणजे राउटरवरच, चालतात.

त्याची बहीण यांजी काठमांडूला गाण्याच्या स्पर्धेत होती. मतं कमी पडली तर संध्याकाळी ती बाहेर. दुपारी आम्ही सगळे त्याच्या ओसरीवर इंटरनेटवरून मत द्यायला जमलो. प्रत्येक फोनवर एकच उत्तर आलं: इथून मत दिलं गेलं आहे.

"माझं मत कुणी चोरलं रे?" दिकी आजींनी विचारलं.

"कुणी नाही, आजी. गावात प्रत्येक फोनला डबा इंटरनेटचा वेगळा नंबर देतो. पण बाहेरच्या जगाला अख्खं गाव एकाच नंबराचं घर दिसतं. त्या घराचं मत सकाळीच पडलं."

"दिलं कुणी?"

"मी."

"मग चोर तूच की. आता नंबर बदल."

फुर्बा उठून डब्यापाशी गेला. मग त्याने डबा बंद करून पुन्हा चालू केला. इंटरनेट कंपनीकडून नवा नंबर आला आणि आजींचं मत गेलं.

दिवस कलेपर्यंत तो तेच करत राहिला. हिरवा दिवा लागला की जगात आमचं आणखी एक घर उभं राहायचं, आणि त्यातून कुणीतरी यांजीला मत द्यायचं. मी थक्क होऊन दिव्याकडे बघत होतो.

यांजी टिकली. तिचा फोन आला. "दादा, गावातून किती मतं पडली?"

आजींनी फोन ओढून घेतला. "तुझ्या भावाचं एक. बाकी सगळी आमची."