फळीवरचा रेडिओ

धाकट्याची पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले, तरी साइटवर सगळे त्याला धाकटाच म्हणत. कारण थोरले होते दाजी, म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. ज्या वर्षी ताईशी लग्न झालं, त्याच वर्षी दाजींनी या मेहुण्याच्या हातात थापी दिली. तेव्हापासून दोघं एकाच परांचीवर उभे राहून गिलावा करत आले होते. तीस वर्षं. नवरा-बायको तरी एकमेकांना एवढं सहन करतात का, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी विचारून पाहावं.

लांब भिंत असली की अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. मध्ये मात्र ओला माल ओल्या मालाला मिळायला हवा. एक पुढे गेला आणि दुसरा रेंगाळला, तर पहिल्याची कड सुकते आणि भिंतीवर सांधा उठतो. मग वरून कितीही रंग फासा, तो दिसतच राहतो. या जोडीचा सांधा कधी कुणाला सापडला नव्हता. त्यात मोठी विद्या काही नव्हती. परांचीला एक टीचभर रेडिओ टांगलेला असे, आणि त्यावर जे गाणं लागेल त्याच्या ठेक्यावर दोन्ही थाप्या चालत.

गेल्या वर्षापासून दाजींना कमी ऐकू यायला लागलं. आता ते कबूल करतील तर शपथ. कुणी काही विचारलं की मान डोलवायची आणि "बरं, बरं" म्हणायचं, झालं. ताईनं एकदा भावाला दारातच गाठलं. "आज आमच्याकडे कोणती भाजी आहे ते चार घरं सोडूनही कळतं, एवढ्या मोठ्यानं बोलते मी," ती म्हणाली. "पण तू त्यांना काही बोलू नकोस. फार लावून घेतील."

धाकट्यानं तोंडाला कुलूप लावलं. पण भिंतीला कोण कुलूप लावणार? जिन्याच्या भिंतीवर चांगला हातभर सांधा उठला आणि मुकादमानं तो बघितला. "सोमवारी शाळेच्या सभागृहाची मोठी भिंत आहे," तो धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला. "तिथे असलं काही दिसलं, तर दाजी खाली वाळू चाळतील. तुझ्या जोडीला मी दुसरा माणूस देईन."

दाजी खाली वाळू चाळताहेत आणि आपण वर भलत्याच माणसाबरोबर, हे चित्र धाकट्याला डोळ्यांसमोर आणवेना. त्यानं रेडिओचा आवाज वाढवून पाहिला. रेडिओ नुसता केकाटायला लागला, वायरमननं वर येऊन हात जोडले, आणि दाजींच्या थापीवर काडीचा फरक पडला नाही.

त्याच दुपारी खाली काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. तो थांबला, आणि दाजी भिंतीवरची नजर न हलवता म्हणाले, "मिक्सर बंद पडला वाटतं." धाकटा बघतच राहिला. शेजारी उभं राहून हाक मारली तर या माणसाला पत्ता लागत नाही, आणि तीन मजले खालचा मिक्सर कळतो? मग त्याचं लक्ष अनवाणी पायांखालच्या फळीकडे गेलं. इतका वेळ थरथरणारी फळी आता गप्प होती.

शनिवारी धाकटा रेडिओ घ्यायला गेला तो खांद्यावर परांचीची फळी घेऊनच. दुकानवाल्या बाईंनी आधी त्याला सुतार समजून मागच्या दारानं यायला सांगितलं. रेडिओ हवाय म्हटल्यावर त्यांनी पातळ, रंगीत, दिवे लुकलुकणारे असे एकेक काढून मांडले. "आवाज अगदी स्वच्छ आहे बघा," त्या म्हणाल्या.

"आवाजाचं राहू द्या," धाकटा म्हणाला. "दोन स्टुलं मिळतील का?"

स्टुलांवर फळी टाकून, चपला काढून तो वर चढला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि बाईंना म्हणाला, "आता एकेक रेडिओ या टोकाला ठेवा आणि लावा." कापसामुळे हे तो इतक्या जोरात बोलला की रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

पहिले दोन रेडिओ त्याच्या तळव्यांना कळलेच नाहीत. समोर लोक हसत होते, ओठ हलवत होते, एक जण त्याला काहीतरी विचारतही होता. काय विचारतोय ते धाकट्याला कळेना. त्यानं मान डोलवली आणि म्हणाला, "बरं, बरं."

म्हणाला आणि त्याला दाजीच आठवले. वर्षभर दाजी असे उभे आहेत, भर माणसांत एकटे, आणि आपण शेजारी उभं राहून गाणी ऐकतोय. त्याला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात तळव्यांत धडधड सुरू झाली, घोट्यापर्यंत चढली. त्यानं वळून पाहिलं. बाईंनी कोपऱ्यातला एक बोजड, काळा, रबरी कडांचा रेडिओ आणून ठेवला होता. बटण एवढं मोठं की मालानं भरलेल्या हाताऐवजी कोपरानं फिरवावं. धाकट्यानं कापूस काढला. "दिसायला अगदीच ओबडधोबड आहे हो," बाई म्हणाल्या. धाकट्यानं तो लगेच बांधून द्यायला सांगितला.

सोमवारी त्यानं तो फळीला दोरीनं करकचून बांधला. "एवढा का आवळतोयस?" दाजींनी विचारलं. "पडू नये म्हणून," धाकटा त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. गाणं लागलं, थाप्या चालू झाल्या, आणि पाचव्या मिनिटाला धाकट्याच्या लक्षात आलं की दाजी मागे पडताहेत. त्यानं खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मुकादमानं त्याच सकाळी सगळ्यांना जाड तळाचे नवे बूट वाटले होते.

आता बोलावं तर दाजींना सगळं कळणार. न बोलावं तर भिंत हातची जाणार. धाकट्यानं थापी ठेवली, आपले बूट काढले आणि खाली जाऊन भिंतीशी ठेवून आला. मग अनवाणी फळीवर उभा राहून दाजींच्या पायांकडे पाहत राहिला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं. मग खाली उतरून त्यांनीही बूट काढले, वर येऊन पाय टेकले, आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"जिन्याच्या आधीपासून," धाकटा पुन्हा तोंडासमोर येऊन म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

दाजींनी मालानं भरलेल्या हातानंच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पाच बोटं शर्टावर उमटली, आणि धाकट्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं ती दिवसभर पुसली नाहीत. मग भिंत अशी सरकत गेली की खालचा माल कालवणारा दमला.

संध्याकाळी मुकादम बॅटरी घेऊन आला. भिंतीला चिकटवून तिचा झोत आडवा फिरवला, तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला. "या भिंतीत तुमची दोघांची गाठ पडली कुठे?" त्यानं शेवटी विचारलं. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून तो खाली वळला आणि ओळीनं ठेवलेल्या दोन जोड्या बघून भडकला. "आणि हे बूट कुणाचे? कामावर असताना पायात का नाहीत?"

दाजींना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ते कडा पुसत होते, टाचेनं फळीवर ठेका धरून, ताल अचूक आणि सूर पार वाऱ्यावर सोडून गात होते. वर्षभरात पहिल्यांदा.

"आमचे आहेत," धाकटा म्हणाला. "गाणं संपलं की घालतो."